खाटेवरचा माणूस आणि सहा महिन्यांचा अभ्यासक्रम

लकवा झालेल्या माणसाला सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलट: चांगला हात आधी मोकळा करायचा, लुळा शेवटी. एवढे साधे सूत्र ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांत रोज सकाळी लुळ्या हाताची ओढाताण होते, खांदा दुखावतो, आणि पुढे तो माणूस आंघोळीलाच नको म्हणू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारा हट्टी झाला.

वृद्ध, आजारी, दिव्यांग माणसाची देखभाल हे शिकून करायचे काम आहे, हे आपण अजून मनापासून मानलेले नाही. इंजेक्शन देणारा शिकलेला लागतो. खाटेवरच्या माणसाचे मात्र घरातली कोणतीही बाई करेल, असे आपण गृहीत धरतो. भंडारा जिल्ह्यात ही समजूत दर पावसाळ्यात उघडी पडते.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर हे सात तालुके मुख्यतः धानावर जगतात. जुलैत पाणी लागले की रोवणी सुरू. परहे उपटायचे, बांधीच्या चिखलात दिवसभर वाकून रोवायचे, हे बायांचे काम. एरवी मामाजींचे अंग पुसणे, सासूला संडासला नेणे हेही त्यांच्याच वाट्याला. हंगामाची मजुरी सोडून चालत नाही. मग उशाशी तांब्याभर पाणी आणि झाकून ठेवलेला भात देऊन घर शेतावर जाते, आणि खाटेवरचा माणूस संध्याकाळपर्यंत एकाच कुशीवर पडून राहतो.

ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे अशा जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, रक्त पोचत नाही आणि बेडसोर सुरू होतो. पहिली खूण लालसर डागाची, जो बोटाने दाबल्यावर फिका पडत नाही. पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली सहज दिसत नाही. तिथे हाताने ऊब आणि कडकपणा चाचपावा लागतो. अशा डागावर आपल्याकडे मायेने तेल चोळतात. तेच करू नये, कारण आतली दुखावलेली कातडी चोळण्याने आणखी बिघडते. जखम उघडी पडल्यावर डॉक्टर, ड्रेसिंग, महिनोन्‌महिने खर्च. ती टाळणारी नजर मात्र काही आठवड्यांत शिकवता येते.

जेवणाचेही तसेच. आडवे झोपवून चमच्याने पेज पाजली की ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते; पुढचा न्यूमोनिया म्हातारपणाच्या खात्यावर लिहिला जातो. बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास देऊन भरवायचे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यायचे. लकव्याच्या बाजूच्या गालात घास अडकून राहिला नाही ना, हे बघायचे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराला मांडीवर आडवे घेऊन भरवणाऱ्या आईलाही हेच शिकवावे लागते. खाटेवरून खुर्चीत घेताना काखेत हात घालून ओढायचे नाही. चाकाची खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक घट्ट करायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलायच्या, स्वतःचे गुडघे वाकवून उचलायचे, कमर वाकवून नाही. दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईच्या कमरेला हा नियम आणखी लागू.

या कामात म्हाताऱ्यांचेच नाव घेतले जाते, पण विदर्भात तरुणही आहेत. सिकलसेल हा या पट्ट्याचा जुना आजार. त्यात रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणे उठते. काहींच्या खुब्याचे हाड ऐन तारुण्यात झिजून निकामी होते, काही मुलांना लकवा येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेलचे नाव आहे. अशा रुग्णाला सांभाळणाऱ्याला पाणी भरपूर पाजणे, थंडीपासून जपणे आणि ताप आला की घरी थांबून न राहणे, एवढे तरी पक्के ठाऊक हवे.

हे सगळे शिकवणारे अभ्यासक्रम देशात आहेत. जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए, हा त्यातला सर्वांत माहितीचा. रुग्णालयातल्या वॉर्डासाठी तो चांगला आहे, आणि अडचणही तीच. शिकलेली मुलगी भंडारा शहरापासून साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात नोकरी धरते, तिथून पुण्याला. तिचे काही चुकत नाही, पगार तिथेच आहे. लाखांदूरच्या घरातली खाट मात्र जिथल्या तिथे राहते.

गावासाठी मुद्दाम घडवलेला अभ्यासक्रम दुसरा आहे. १९ मे २०२१ रोजी केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने समुदाय-आधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. भारतीय पुनर्वास परिषद आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठ यांनी मिळून तो बांधला. पहिल्या तुकड्यांसाठी देशातल्या १६ संस्था निवडल्या. पुस्तिका मराठीतही आणल्या. तो पुरा करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणायचे ठरले. कल्पना अशी की हा माणूस त्याच परिसरातला असावा, आशा आणि अंगणवाडी सेविकेच्या बरोबरीने घरोघर जावा, दिव्यांगत्व लवकर ओळखावे, घरच्यांना सांभाळायला शिकवावे आणि दाखल्यापासून कुबडीपर्यंतच्या वाटा दाखवाव्यात. मला तरी भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला हीच रचना जास्त योग्य वाटते. दवाखाना गावाजवळ आणणे अवघड आहे, शिकलेला शेजारी तयार करणे तेवढे अवघड नाही.

मेलबर्नचे नाव योगायोगाने आलेले नाही. ऑस्ट्रेलियात देखभाल करणारे वर्गात शिकतात, शिवाय अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किमान १२० तास प्रत्यक्ष कामावर घालवतात, आणि दिव्यांगांना लागणाऱ्या मदतीचा, त्यात या पगाराचाही, खर्च निघावा म्हणून २०१३ मध्ये कायदा करून राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना उभी केली आहे. आपण त्यांच्याकडून अभ्यासक्रम घेतला. पगाराची व्यवस्था आपली आपण करायची आहे, आणि गाडे तिथेच अडते.

आपल्याकडे यंत्रणा अजिबात नाही असेही नाही. आशा ताई ज्या तपासणी फॉर्मवर तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना तोल जातो का, जेवण, कपडे, आंघोळ, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का. मोजके आणि नेमके प्रश्न आहेत. ‘मदत लागते’ असे उत्तर आले की आशा ते नोंदवून वर कळवते. पण उद्या सकाळी त्या घरी येऊन कूस बदलायला कोणी शिकवायचे, याचे उत्तर फॉर्मवर नाही. आशा ताईंवर हे ओझेही टाकणे अन्यायाचे होईल.

कायदा या बाबतीत सरकारी सवयीपेक्षा बराच पुढे आहे. २०१६ च्या कायद्याचे ४७ वे कलम आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय घालायला सांगते, आणि कुटुंबाला व समाजाला देखभाल शिकवण्याचेही कार्यक्रम घ्यायला सांगते. २४ वे कलम तर ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याची तरतूद करते. फक्त त्याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असा एक तुकडा आहे, आणि सरकारी कुवत कुठे संपते हे सरकारच ठरवते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. राज्यातले जवळजवळ दहा टक्के लोक साठीपुढचे होते. तेव्हापासून साठीपुढच्यांची संख्या वाढलीच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, ही चांगली गोष्ट. त्या विभागाने दाखले, अनुदाने आणि साहित्यवाटपाच्या जोडीने जिल्ह्याजिल्ह्यात शिकलेल्या हातांची मोजणी हाती घ्यायला हवी. तीनचाकी सायकल वाटताना फोटो निघतो, प्रशिक्षणाचा फोटो काढावासा कोणाला वाटत नाही.

गावाच्या हातात थोडा पैसा मात्र आहे. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून संपवला जातो. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारावेत: आपल्या पंचायतीचा हा निधी किती आहे, आणि चार-पाच पंचायतींनी मिळून गावातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला पाठवता येईल का. उत्तर लेखी मागा.