आघाताची स्मृती व मेंदूतील अनुबंध

खंडाळ्याच्या घाटात द्रुतगती मार्गाच्या नव्या बोगद्यांसाठी सुरुंग उडवले जात होते, त्या काळातील हा अनुभव. मावळातील एक निवृत्त जवान अनिद्रेची तक्रार घेऊन माझ्याकडे येत असत. वातप्रकोपजन्य निद्रानाश असे निदान करून मी पादाभ्यंग, शिरोधारा व रात्री जटामांसीचा फांट अशी योजना केली होती. थोडा उपशय मिळालाही. एका दुपारी दूरवर सुरुंगाचा आवाज झाला आणि ते क्षणार्धात भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मुद्रा पांढरीफटक, तळहात घामाने भिजलेले. आपण चिकित्सालयात आहोत याचे भान येण्यास त्यांना बराच वेळ लागला. सहा महिने मी लक्षणाची चिकित्सा करीत होतो. त्यांच्या सैनिकी सेवेविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता.

लोणावळ्यास नौदलाची 'आयएनएस शिवाजी' ही प्रशिक्षण संस्था, पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. आपल्या भागास सैन्य परके नाही. परंतु गावी परतलेला जवान मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास संकोचतो आणि 'झोपेचे औषध द्या' म्हणून वैद्याकडे येतो. म्हणूनच हा विषय आपल्या सभासदांपुढे मांडावासा वाटला.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये या अवस्थेचे वर्णन 'शेल शॉक' या नावाने केले. आघातोत्तर ताणविकार हे आजचे निदान १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात आले. मेंदूच्या एखाद्या भागाची विकृती शोधण्याकडे आरंभी संशोधकांचा कल होता. १९९५ साली भारत बिस्वाल व सहकाऱ्यांनी दाखवले की, मनुष्य स्वस्थ पडून असतानाही मेंदूतील परस्परांपासून दूर असलेल्या भागांतील रक्तप्रवाहाचे मंद चढउतार एका लयीत होतात. या सहलयीलाच भागांमधील अनुबंध समजतात.

अशा तीन जाळ्यांना येथे विशेष महत्त्व आहे: स्वतःविषयीचे चिंतन व आत्मस्मृती यांचे जाळे, महत्त्वाचे वा धोक्याचे काय हे हेरणारे जाळे, आणि विचारपूर्वक नियंत्रणाचे जाळे. या विकारात पहिल्यातील अनुबंध क्षीण व दुसऱ्यातील प्रबळ झालेले अनेक अभ्यासांत आढळले, सर्वच अभ्यासांत नव्हे. चौकीदार अखंड जागा, आणि 'हे घडून गेले आहे' असे सांगणारा मात्र मूक, अशी ही स्थिती. स्मृती नष्ट होत नाही. ती भूतकाळात राहत नाही.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला जुळ्या भावांचा अभ्यास आपणांस विशेष विचारणीय आहे. व्हिएतनाम युद्धात लढून तीव्र विकार जडलेल्यांचा हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग लहान आढळला. परंतु युद्धावर न गेलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही तो तसाच लहान होता. म्हणजे चित्रात दिसणारे सर्वच युद्धाने केलेले नसते. प्रकृती व सत्त्वबल यांची परीक्षा सांगणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकास याचे नवल वाटू नये. मात्र केवळ मेंदूच्या चित्रावरून एका रुग्णाचे निदान करता येत नाही. त्यासाठी रुग्णास खर्चात पाडू नये.

या विकारास थेट 'उन्माद' म्हणण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चरकसंहितेतील उन्मादवर्णनात स्मृतिविभ्रम येतो, हे साम्य खरे. पण त्याच चिकित्सास्थानात दंतहीन सर्प, शस्त्रधारी पुरुष इत्यादींनी रुग्णास त्रासन करण्याचा उपायही आहे. भयानेच ग्रासलेल्या सैनिकावर त्याचा सौम्य प्रयोगही घातक ठरेल. तेथेच पुढे काम, शोक, भय इत्यादींनी उत्पन्न झालेल्या विकारात विपरीत भावाने शमन सांगितले आहे. आपला आधार तो, आणि सूत्रस्थानातील सत्त्वावजय.

लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामात योगक्रियांचे परिणाम यंत्रांनी मोजण्यास आरंभ केला. त्याच वृत्तीने अलीकडील कार्य पाहावे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना सजग ध्यान व आघाताला क्रमाने सामोरे जाण्याची चिकित्सा एकत्र दिल्यावर आत्मचिंतनाच्या व नियंत्रणाच्या जाळ्यांतील अनुबंध वाढलेले दिसले. रुग्णसंख्या अल्प होती. आशा ठेवावी, डांगोरा पिटू नये.

व्यवहारात काही गोष्टी मी बदलल्या आहेत. अनिद्रेच्या प्रत्येक निवृत्त जवानाला सेवाकाल, स्वप्ने, मद्यपान व डोक्यावरील आघात यांविषयी एकांतात विचारतो. युद्धाची हकीकत मात्र खोदून काढीत नाही. काळोख्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून शिरोधारा काहींना असह्य होते, तेव्हा पट्टी व दिवा यांविषयी रुग्णासच विचारावे. कुंभकाचा आग्रह धरू नये. चालू असलेली मानसोपचाराची औषधे आपण बंद करू नयेत. आघातकेंद्रित मानसोपचार हा सिद्ध उपचार आहे, तिकडे रुग्णास पाठवण्यात वैद्याचा कमीपणा नाही. आत्मघाताचा विचार बोलून दाखवल्यास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यावे. 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

ते जवान आता पुण्यास मानसोपचारासाठी जातात आणि अभ्यंगासाठी माझ्याकडे येतात. त्यांची खुर्ची मी दाराकडे तोंड करून ठेवतो.