डोंगरातली सायकल आणि गुडघ्याची वाटी

सायकलीने आपल्याकडे आयुष्यभर साथ दिली ती शाळेला, गिरणीला आणि दुधाच्या किटल्यांना. आता जाड टायरची, गियरची सायकल घेऊन तरुण मुले डोंगरवाटेला लागली आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्याच्या टेकड्यांवर १९७० च्या दशकात काही हौशी तरुणांनी हा खेळ वाढवला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. व्यायाम म्हणून तो उत्तमच आहे. पण आमच्यासारख्या हाडांच्या डॉक्टरांकडे या खेळातून येणारे गुडघेही वाढले आहेत. म्हणून आजचा लेख गुडघ्याला बांधायच्या पॅडविषयी.

पहिल्यांदा एक घोटाळा दूर करू. औषधाच्या दुकानात मिळते ती लवचिक कापडाची ‘नी-कॅप’ आणि सायकलस्वाराचे ‘नी-पॅड’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नी-कॅप गुडघ्याला ऊब व थोडा आधार देते. दगडावर पडल्यावर ती फाटते आणि तिच्याखालची कातडीही सोलते. माझ्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला होता. पायांत ताकद यावी म्हणून तो रोज टेकडीवर सायकल चालवी. आईने काळजीने घेऊन दिलेली नी-कॅप त्याने घातलेलीही होती. उतारावर सायकल घसरली, गुडघा थेट खडकावर आपटला आणि वाटीचे दोन तुकडे झाले. तार घालून वाटी जोडावी लागली. हाड जुळले, पण त्या वर्षीची भरती हुकली. गुडघ्याला काहीतरी बांधले आहे, एवढ्याने संरक्षण होत नाही, हे या प्रसंगातून ध्यानात घ्यावे.

वाटीच का फुटते?

पायडल मारताना गुडघा वाकलेला असतो. पुढे पडलो की वाटीच सर्वांत आधी जमिनीला भिडते. मांडीच्या हाडावर स्नायूंचे जाड आवरण असते, वाटीवर मात्र फक्त पातळ कातडी आणि तिच्याखाली एक लहानशी पाण्याची पिशवी असते. जखमेतून माती आत गेली तर या पिशवीत पू होतो आणि साधे खरचटणे आठवडाभर अंथरुणाला खिळवते.

आंबे पेटीत भरताना आपण पेंढा घालतो. पेंढा धक्का पसरवतो आणि सावकाश पोचवतो. चांगले पॅडही हेच करते. आजकाल काही पॅडमध्ये एक खास लवचिक पदार्थ असतो. चालताना तो मऊ राहतो आणि जोराचा मार बसताच क्षणभर घट्ट होतो. अशी पॅड हलकी असतात, पण किंमत जास्त असते.

कोणते पॅड घ्यावे?

घरातून निघून डांबरी घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने परतायचे, तर मोज्यासारखे पातळ पॅड पुरते. मुरमाच्या पायवाटा आणि उतार असतील तर वाटीच्या दोन्ही बाजूंनाही गादी असलेले जाड पण मऊ पॅड घ्यावे. खडकाळ उतार व उड्या मारायच्या असतील तर बाहेरून कडक कवचाचे आणि नडगीही झाकणारे पॅड बरे. कडक कवच दगडावरून घसरते, मऊ कापड अडकते. मात्र कडक पॅड घालून लांबचा चढ चढणे त्रासाचे होते, आणि मुले ते काढून पिशवीत टाकतात. पिशवीतल्या पॅडचा उपयोग शून्य. म्हणून जे पॅड तुम्ही शेवटपर्यंत घालून ठेवाल, तेच तुमच्यासाठी योग्य.

व्हॉलीबॉलचे पॅड चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. ते गुळगुळीत मैदानावर गुडघा टेकण्यासाठी बनवलेले असते. खडीवर त्याचे कापड टिकत नाही.

पॅडच्या लेबलवर ‘ईएन १६२१-१’ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे. हे मानक मुळात मोटारसायकलस्वारांच्या संरक्षक गाद्यांसाठी आहे, पण सायकलची अनेक पॅडही त्यावर तपासलेली असतात. त्यात पातळी १ आणि पातळी २ असतात. पातळी २ चे पॅड शरीरापर्यंत कमी मार पोचू देते.

माप सर्वांत महत्त्वाचे

पडताना पॅड खाली सरकले तर ते कितीही महाग असो, वाटी उघडीच पडते. म्हणून मांडीचा व पोटरीचा घेर टेपने मोजावा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मुलांना मोठे पॅड घेऊ नये. दुकानात पॅड घालून दहा उठाबशा काढाव्यात, सायकलवर बसून पायडल मारावे, मग तळहाताने पॅड खाली ओढून पाहावे. वाटी त्याच्या मधोमध राहिली पाहिजे.

पट्टा करकचूनही आवळू नये. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक महत्त्वाची शीर हाडाला लगटून जाते. तिच्यावर दाब आला तर पाऊल बधिर होते किंवा मुंग्या येतात. असे झाले तर लगेच पट्टा सैल करावा.

वापरानंतर पॅड साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. ओले पॅड पुन्हा घातल्यास पावसाळ्यात गजकर्ण हमखास होते. इलॅस्टिक सैल पडले, गादी चिरली किंवा कवचाला तडा गेला, तर पॅड बदलावे.

पॅड काय करू शकत नाही?

पॅड आपटण्यापासून आणि खरचटण्यापासून वाचवते. गुडघा पिरगळून आतला अस्थिबंध तुटणे ते थांबवू शकत नाही. गुडघेदुखीवरही ते औषध नाही. सायकल चालवून गुडघा पुढून दुखत असेल तर आधी सीटची उंची पाहा. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडासा बाक राहतो, आणि तो योग्य असतो. आणि हेल्मेट आधी, पॅड नंतर, हा क्रम विसरू नये.

पडलातच तर

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली भरपूर धुवावी आणि खडी-माती निघू द्यावी. हळद, चुना, टूथपेस्ट काहीही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे. माती गेलेल्या जखमेसाठी पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावे लागते.

एक्स-रे काढावा का? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात यासाठी सोपे नियम घालून दिले, ते आजही वापरले जातात. चार पावले टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर दाबल्यास दुखत असेल, किंवा वय ५५ अथवा अधिक असेल, तर एक्स-रे काढावा. पाय सरळ ठेवून उचलताच येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चोळून घेऊ नये, हाडवैद्याकडे ओढून घेऊ नये.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी डोंगरात सायकल घेऊन जाते म्हणून रागावू नका. सायकल घेऊन देतानाच हेल्मेट आणि मापाचे पॅड यांचे पैसे त्या हिशेबात धरा. दिवे आणि कुलूप आपण धरतोच, त्यात गुडघ्याची वाटीही धरली म्हणजे झाले.