हप्त्याच्या आधीचे घर

पैनगंगेकाठच्या हदगाव तालुक्यात घरकुल मंजूर झालेल्या माणसाची खरी अडचण मंजुरीनंतर सुरू होते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून चालू आहे. सपाट भागात तिचे मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतली सुमारे ९० दिवसांची मजुरी वेगळी. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. कागदावर बेरीज वाईट दिसत नाही. पण पहिला हप्ता असतो १५ हजारांचा, आणि पुढचा मिळतो तो पाया भरल्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह संगणकावर चढल्यावर. काम आधी, पैसा नंतर. सिमेंट, सळई आणि गवंडी मात्र उधारीवर फार काळ थांबत नाहीत. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण झाले तरी ती आणणाऱ्या ट्रॅक्टरचे भाडे रोखच द्यावे लागते. ही मधली पोकळी सावकार भरतो. शेकडा पाच रुपये महिना या दराने ५० हजार रुपये चार महिने वापरले, तर व्याजच १० हजार होते. म्हणजे मूळ अनुदानाचा बारावा हिस्सा घराला लागण्याआधीच गेला. हेच पैसे वर्षाला १२ टक्क्यांनी मिळाले असते, तर व्याज २ हजार पडले असते.

१२ टक्क्यांच्या आसपास कर्ज देऊ शकणारी संस्था मराठवाड्याच्या बहुतेक बाजारपेठांत आहे. पतसंस्था म्हणजे सभासदांच्या ठेवी घेऊन सभासदांनाच कर्ज देणारे दुकान. सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा. आजचा कारभार चालतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार, सहकार खात्याच्या निबंधकाच्या देखरेखीखाली. पिग्मी गोळा करणारा माणूस रोज पानटपरीपासून कापड दुकानापर्यंत फिरतो, त्यामुळे कोणाचा धंदा बसला आणि कोणाचा मुलगा कमावता झाला हे संस्थेला कोणत्याही गुणांकनाआधी कळते. शेजारच्या बुलडाण्यात १९८६ साली ७२ सभासद आणि १२ हजारांच्या भांडवलावर उभी राहिलेली बुलडाणा अर्बन हजारो कोटींच्या ठेवींपर्यंत गेली, ती सोने आणि गोदामातला शेतमाल तारण घेऊन. या व्यवसायाचा स्वभाव त्यात दिसतो: तारण हातात, मुदत थोडी. घराचे कर्ज नेमके याच्या उलट. गावठाणातल्या घराला अनेकदा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ पलीकडे कागद नसतो, आणि वर्षा-दीड वर्षाच्या ठेवीतून पंधरा वर्षांचे कर्ज देणे हा अविचारच. म्हणून पतसंस्थेने गृहकर्ज कंपनीची नक्कल करू नये. तिच्या स्वभावाला झेपणारे काम आहे ते दोन हप्त्यांमधले, चार-सहा महिन्यांचे.

इथे अनुदानाचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे तो चुकीच्या टोकाने विचारला जातो. एखाद्या पतसंस्थेला घरांसाठी १० लाख रुपये मिळाले, तर ते वाटून टाकण्याचा मोह होतो. घरकुलाच्या दराने त्यातून आठ घरे होतात, फोटो निघतो, पैसे संपतात. तेच १० लाख वेगळ्या खात्यात बुडीतनिधी म्हणून ठेवले आणि दहा टक्क्यांपर्यंतचा तोटा त्यातून भरायचा असे ठरवले, तर त्यांच्या आधारावर संस्था स्वतःच्या ठेवींतून १ कोटीपर्यंत कर्ज देऊ शकते. प्रत्येकी ५० हजार धरले तर ती २०० घरे होतात, आणि कर्ज फिटले की तोच निधी पुढच्या घरांसाठी मोकळा. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने परवडणाऱ्या घरांसाठी जो कॅपिटल मॅग्नेट फंड उभा राहिला, त्याची अटच अशी की मिळालेल्या अनुदानाच्या दसपट रकमेची घरबांधणी उभी करून दाखवायची. तिथल्या काही पतसंस्थांना, म्हणजे क्रेडिट युनियनना, अनुदानाचा असा वापर सरावाचा आहे. आपल्याकडे मात्र शहरी आवास योजनेतल्या व्याज अनुदानाच्या यादीत नागरी सहकारी बँका होत्या, पतसंस्था नव्हत्या. ते व्याज अनुदानही अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ मध्ये संपले. ग्रामीण योजनेत लाभार्थ्याला ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे, पण ते कर्ज देणाऱ्याची जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न तसाच राहतो.

मग १० लाख आणायचे कुठून? कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा पतसंस्थेच्या खात्यात थेट येणे नियमांमुळे अवघड आहे. तो बहुधा नोंदणीकृत न्यास किंवा संस्थेमार्फतच आणावा लागेल. जवळचा मार्ग कायद्यातच आहे. कलम ६६ प्रमाणे नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. त्यानंतर कलम ६९ नुसार नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी किंवा धर्मादाय कामाला बाजूला काढता येते. आज त्यातून काय होते, हे वार्षिक अहवालांत छापलेले दिसते: गुणवंतांचे सत्कार, वह्यावाटप, क्वचित एखादी रुग्णवाहिका. वाईट काहीच नाही. पण पुढच्या वर्षी त्यातला रुपयाही शिल्लक नसतो.

पहिला आक्षेप ठेवीदारांचा, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरची आदर्श पतसंस्था आणि त्यानंतर बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट अडचणीत आल्या तेव्हा मराठवाड्याने रांगा पाहिल्या आहेत. पण या संस्थांवरचे आरोप गरिबांची घरे बांधून दिल्याचे नव्हते. मोठ्या रकमा थोड्या आणि जवळच्या हातांत गेल्याचे होते. २०० जणांत वाटलेले १ कोटी हे एकाला दिलेल्या १ कोटीपेक्षा सुरक्षित असतात. मात्र संचालकाचे नातलग यादीत नकोत आणि बुडीतनिधी दुसऱ्या बँकेत असावा, या दोन गोष्टी ठरावातच लिहिलेल्या हव्यात.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: तोटा भरायला निधी आहे हे कळले की कर्जदार फेडणारच नाही. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या पाहिलेल्या प्रदेशात ही भीती खरी आहे. त्यातच हप्ता जमा होतो लाभार्थ्याच्या बँक खात्यात, पतसंस्थेकडे नव्हे. तो वाटेत धरता येत नाही. पण थकबाकी दोन प्रकारची असते. सरकारचा हप्ताच अडकला, तर त्या महिन्यांचे व्याज निधीने बिनतक्रार सोसावे, कारण त्यात कर्जदाराचा दोष नाही. हप्ता येऊनही त्याने भरले नाही, तर नेहमीसारखी कलम १०१ ची वसुली. हा फरक करायला कागदापेक्षा गल्लीतली माहिती लागते, आणि ती कुठे असते हे लातूरने दाखवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जावर जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यात ५२ गावे नव्या जागी गेली. पण दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि बळकटी घरमालकांनी जागेवरच, सरकारी मदतीतून करायची होती. गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केले. कोणाचे काम कुठवर आले, पैसे कुठे अडले, हे त्या सांगत. हदगावात आज बचत गट आहेत. मधल्या हप्त्याच्या कर्जाला दोन जामीनदारांऐवजी गटाची हमी घेता येईल, आणि हप्ता आला की नाही हे गटाला त्याच दिवशी कळेल.

गरिबाला कर्जात ओढण्यापेक्षा अनुदानच वाढवा, असेही म्हटले जाते. वाढवावेच. पण ५० हजारांची वाढ झाली तरी पाया आधी आणि पैसा नंतर, हा क्रम बदलला नाही. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला मात्र या साऱ्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, आणि ते काम पंचायत समितीनेच करायचे. पतसंस्थेच्या हातात आहे तो सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेतला एक विषय: नफा वाटणीत कलम ६९ ची रक्कम यंदा कशावर खर्च करायची. त्यावर बोलायला सभासदाने सभा संपेपर्यंत, जेवणाची पंगत बसण्याआधी, जागेवर असावे लागते.