तोंड कसें धुवावें? : नाजूक त्वचेच्या कुटुंबांकरितां चार शब्द

तोंड धुणें ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिच्यावर कोणी लेख लिहावा याचें वाचकांस हसूं येईल. लहान मूलही जें शिकतें, तें हायस्कुलांतील विद्यार्थ्यांस पुन्हां काय शिकवावयाचें? परंतु ही साधी गोष्ट चुकीच्या रीतीनें केल्यास किती त्रास होतो, हें आम्हांस आमच्या एका विद्यार्थ्यामुळें कळलें. आणि त्या प्रसंगीं चूक त्याची नसून आमची होती, म्हणून ती प्रथम सांगणें आम्हांस योग्य वाटतें.

हुपरीचें नांव चांदीच्या पैंजणांकरितां दूरवर गाजलेलें आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ येथें हा धंदा चालत आला असून, त्यांतील पुष्कळ काम घरोघरीं होतें. कोठें चांदी आटविण्याची मूस तापलेली असते, कोठें झाळकाम चाललेलें असतें, तर कोठें घरांतील बायका घुंगरूं जोडीत बसलेल्या असतात. अशाच एका घरांतील आठवीचा विद्यार्थी रोज लालसर, कोंडा धरलेल्या चेहऱ्यानें वर्गांत येई. भट्टीची काजळी व घाम तो नीट धूत नसावा, असा आम्हीं तर्क केला, आणि एके दिवशीं सर्व मुलांदेखत त्यास म्हटलें, "उद्यां तोंड स्वच्छ घासून ये." त्यानें आज्ञा अक्षरशः पाळली. दुसऱ्या दिवशीं तो आला तेव्हां त्याच्या गालांचीं सालटें निघालीं होतीं व डोळ्यांखालचा भाग सुजला होता. कपडे धुण्याचा साबण आणि भांडीं घासण्याची घासणी यांचा त्यानें उपयोग केला होता. सायंकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों, तेव्हां त्याची आई एवढेंच म्हणाली, "सर, पोरगं आधीच दिसातनं चारदा तोंड धुतंय. तेवढं कमी पडलं व्हय?"

आम्ही खजील झालों. मुलाचा चेहरा अस्वच्छ नव्हता. तो गरजेपेक्षां अधिक धुतला जात होता. हें कसें घडतें तें समजण्यास त्वचेची थोडी माहिती पाहिजे.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर लिहिण्याच्या कागदाहूनही पुष्कळ पातळ असतो. त्यांतील चपट्या, निर्जीव पेशी भिंतींतील विटांसारख्या रचलेल्या असून, विटांमध्यें जसा चुना तसे पेशींमध्यें स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. ही भिंत शरीरांतील ओलावा बाहेर जाऊं देत नाहीं, आणि बाहेरील धूळ, जंतु व तीव्र पदार्थ आंत येऊं देत नाहीं. शिवाय या थराचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो. ही गोष्ट जर्मनीतील शाडे व मार्किओनिनी या दोघां शास्त्रज्ञांनीं १९२८ सालीं मांडली, व या आम्लतेस त्यांनीं त्वचेचें 'आम्ल आवरण' असें नांव दिलें. आम्ल व अल्क मोजण्याच्या मापांत शुद्ध पाण्याचा अंक ७ धरतात. त्याखालीं आम्ल आणि त्यावर अल्क. निरोगी त्वचेचा अंक ५ च्या आसपास असतो.

आतां साबण पाहा. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगानें साबण होतो, व नेहमींच्या साबणाच्या पाण्याचा अंक ९ ते १० इतका भरतो. मळ तेलकट असतो म्हणून साबण त्यास धरून नेतो. परंतु मळाचें तेल कोणतें आणि त्वचेच्या भिंतींतील चुना कोणता, हा भेद साबणास कळत नाहीं. तो दोन्ही नेतो. निरोगी त्वचा हें नुकसान कांहीं तासांत भरून काढते. पण दिवसांतून चारदां साबण लावला, तर पहिली डागडुजी पुरी होण्यापूर्वींच दुसरी तोडफोड सुरू होते. मग त्वचा ओढल्यासारखी वाटते, चुरचुरते, लाल होते. घरचीं माणसें म्हणतात, "मळ असेल, आणखी धू!" आणि रोगावर रोगाचेंच औषध सुरू होतें. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी जड असेल, तर भर अधिकच पडते. कारण जड पाण्यांत साबणाचा चिकट साका होऊन तो त्वचेवर बसतो.

कोणी म्हणेल, आम्हीही तोच साबण वापरतों, आम्हांस कां त्रास होत नाहीं? याचें एक कारण जन्मजात आहे. त्वचेची भिंत बळकट करणारें फिलॅग्रिन नांवाचें एक प्रथिन आहे. कित्येकांत हें प्रथिन बनविणाऱ्या जनुकांत दोष असतो, आणि अशांस त्वचा कोरडी पडण्याचा व इसब होण्याचा संभव अधिक असतो, हें स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें. असे दोष आईबापांकडून मुलांकडे येतात. म्हणून एकाच घरांत आई, मुलगा व धाकटी बहीण या तिघांची त्वचा नाजूक आढळली, तर त्यांत नवल नाहीं, आणि कोणाचा आळस तर मुळींच नाहीं.

अशा कुटुंबानें तोंड कसें धुवावें, तें आतां क्रमानें सांगतों.

प्रथम हात धुवावेत. चांदीच्या कामाच्या घरीं हें विशेष आवश्यक आहे. कारण टांकणखार, तेजाब किंवा उजाळा देण्याची पूड हातास लागलेली असल्यास ती तशीच गालांवर जाते. नंतर कोमट किंवा साधें पाणी घ्यावें. कढत पाणी त्वचेतील तेल अधिक नेतें. सकाळीं नुसत्या पाण्यानें तोंड धुतलें तरी पुरे. सायंकाळीं, घाम व धूळ बसलेली असतां, सौम्य व बिनवासाचा, अल्करहित असा धुण्याचा पदार्थ हरभऱ्याएवढा घेऊन बोटांच्या टोकांनीं हलकेंच फिरवावा. घासणी, खरखरीत टॉवेल किंवा दगड यांस चेहऱ्याजवळ येऊं देऊं नये. मग कपाळाच्या केसांच्या कडेपासून हनुवटीखालपर्यंत भरपूर पाण्यानें धुवावें, म्हणजे साबणाचा अंश राहत नाहीं. शेवटीं मऊ सुती पंचानें टिपावें, पुसूं नये. त्वचा किंचित् ओली आहे तोंच साधें व्हॅसलीन किंवा बिनवासाचें मलम पातळ लावावें, म्हणजे आंतला ओलावा टिकतो. ज्यांस मुरुमें येतात त्यांनीं मात्र चेहऱ्यास तेल चोपडूं नये. प्रत्येकाचा पंचा निराळा असावा. कोणताही नवा पदार्थ प्रथम हाताच्या आंतल्या बाजूस थोडासा लावून कांहीं दिवस पाहावा. तेथें लाली किंवा खाज आली नाहीं, तरच तो चेहऱ्यास लावावा.

घरगुती उपायांविषयीं आम्हांस नेहमीं विचारतात. डाळीचें पीठ मऊ चाळून, पाण्यांत पातळ करून लावल्यास पुष्कळांस मानवतें. पण तें वाळून घट्ट झाल्यावर घासून काढणें नाजूक त्वचेस सोसत नाहीं. लिंबाचा रस चेहऱ्यास कधींच लावूं नये. तो फार आम्ल असतो, आणि तो लावून उन्हांत गेल्यास चट्टे पडतात. रिठ्याच्या पाण्यानें पैंजणांस उजाळा येतो हें खरें. म्हणून तें गालांसही हितकर होईल असें नाहीं. चांदीवरचा मळ काढला कीं खालीं चांदीच असते. चेहऱ्यावरचा थर घासून काढला, तर खालीं दुखरी त्वचा उघडी पडते.

आणखी एक धोका पालकांनीं ध्यानांत ठेवावा. गोरेपणा यावा किंवा लाली जावी म्हणून कोणीतरी सुचविलेलीं मलमें घरोघरीं वापरलीं जातात. त्यांपैकीं कांहींत स्टेरॉइड असतें. आठ दिवस चेहरा उजळतो. पण पुढें त्वचा पातळ होते, शिरा दिसूं लागतात, आणि मलम सोडतांच आग होते. अशा कित्येक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करूं नये, असा नियम भारत सरकारनें २०१८ सालीं केला आहे. योग्य डॉक्टरांनीं ठराविक दिवसांकरितां दिलेलें औषध निराळें, आणि शेजारणीनें दिलेली नळी निराळी.

कामाच्या ठिकाणीं तेजाबाचा थेंब तोंडावर उडाल्यास न चोळतां वाहत्या पाण्याखालीं निदान वीस मिनिटें धुवावें. सोडा वगैरे कांहीं लावूं नये, व लागलीच दवाखाना गांठावा. त्वचेंतून पाणी वाहूं लागल्यास, पापण्या सुजल्यास, किंवा दोन आठवड्यांत आराम न पडल्यासही डॉक्टरांस दाखवावें.

आमच्या त्या विद्यार्थ्यास डॉक्टरांनीं इसब असल्याचें सांगितलें, औषध दिलें, आणि साबण बंद करून वर सांगितलेलीच रीत पाळावयास लाविली. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास सुमारें महिना लागतो. तेवढा धीर त्या घरानें धरला. आई व धाकटी बहीण यांनींही तीच रीत उचलली. महिन्याअखेर मुलाचे गाल पूर्ववत् झाले. मग एके दिवशीं, जें आम्हीं सर्व मुलांदेखत बोललों होतों, तें आम्हीं सर्व मुलांदेखतच परत घेतलें. तो कांहीं बोलला नाहीं. पण त्या दिवसापासून तो मागच्या बांकावरून उठून पुढच्या बांकावर बसूं लागला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शेजारीं बसणाऱ्या मुलाचा चेहरा लाल किंवा खरखरीत दिसला, तर त्यास हसूं नका, आणि धुण्याचा उपदेशही करूं नका. आम्हीं तो करून पाहिला आहे. आधीं त्यास विचारा, "दुखतंय का रे?"