आजोबांच्या हाती खुरपे द्या



सुरतेच्या गोडादऱ्यात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. मुलांमागे म्हातारे आईवडीलही गाव सोडून येतात. जन्मभर जमीन कसलेले हात खोलीत रिकामे पडतात आणि मन खचते. त्यावर बागकाम हा चांगला उतारा आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठाने मेनिंजर संस्थेबरोबर १९७२ साली विद्यार्थ्यांना बागकामातून उपचाराचे शिक्षण देण्यास सुरुवात केली.

आपल्या कॉलेजातील मुलामुलींनाही हे शिकवता येईल. पहिला धडा असा की, काम आपण उरकू नये. वडीलधाऱ्यांना करू द्यावे. काय पेरायचे तेही त्यांनीच ठरवावे. कुंडी ओट्यावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजीला येते. विसर पडणाऱ्यांना एका वेळी एकच काम सांगावे. हाताला जखम असल्यास माती टाळावी, नंतर साबणाने हात धुवावेत. डॉक्टरांची औषधे मात्र चालूच ठेवावीत.

मुलांनो, आजोबांना शिकवायला जाऊ नका; “बी किती खोल टाकू?” असे विचारा. ज्याला कोणी विचारतो, त्याला आपण घरात ओझे आहोत असे वाटत नाही.