मानसशास्त्राच्या पदवीचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की वस्तीवस्तीत गुणवंतांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ, सन्मानचिन्ह आणि भाषणे. आम्हीही अशा कार्यक्रमांतून "खूप शिका" असे सांगत आलो आहोत. परंतु तालुक्याच्या गावी अशाच एका कार्यक्रमानंतर शेतमजुरी करणाऱ्या एका आईने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "दादा, पोरगी संभाजीनगरला जाऊन मानसशास्त्रात बी.ए. करते म्हणते. खर्च किती येईल अन् शिकून पगार किती मिळेल, तेवढं सांगा." आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन कागद-पेन घेतले आणि हिशेब मांडला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो आहोत. यातले खर्चाचे आणि पगाराचे आकडे आम्ही धरलेले आहेत. प्रत्येक घराने आपापले आकडे घालून पाहावेत.

आधी खर्च. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर शिकवणी आणि परीक्षेची फी या शिष्यवृत्तीतून भागते. म्हणजे खरा खर्च फीचा नाही, तो जगण्याचा आहे. खोली आणि खानावळ मिळून महिना ६,००० रुपये धरले, तर दहा महिन्यांचे ६०,००० आणि तीन वर्षांचे १,८०,००० होतात.

दुसरा खर्च कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो म्हणजे बुडालेली मजुरी. रोज ४०० रुपयांप्रमाणे महिन्यातले वीस दिवस धरले, तर ८,००० रुपये होतात. तीन वर्षांत २,८८,००० रुपये. दोन्ही मिळून ४,६८,००० झाले. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास आणि गुणांची अट पूर्ण केल्यास स्वाधार योजनेतून संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१,००० रुपये मिळतात. ते वजा केले, तरी ३,१५,००० रुपये त्या घराच्या अंगावर राहतात. शिक्षण फुकट आहे असे म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

आता मिळकत. इथे मुलांची फसगत होते. बी.ए. झाले म्हणजे मानसोपचार करता येतात, असा अनेकांचा समज असतो. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ चा आहे. त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करता येत नाही. त्यासाठी आजवरची रूढ वाट म्हणजे एम.ए. आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केले. या विषयापुरती त्याला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे काय, हे विचारलेच पाहिजे.

नुसती बी.ए. घेऊन बाजारात उतरले, तर ती इतर कोणत्याही पदवीसारखीच आहे. स्पर्धा परीक्षेला बसता येते, बँकेचा अर्ज भरता येतो, समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळता येते. अशा पदवीधराला १२,००० रुपयांची नोकरी मिळाली असे धरू. मजुरीपेक्षा महिन्याला ४,००० जास्त. या वेगाने ते ३,१५,००० रुपये भरून यायला साडेसहा वर्षे लागतात.

मग त्या मुलीने हा विषय घेऊ नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दाखवून दिले. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. वसतिगृहात जातीवरून टोमणे ऐकून आलेल्या मुलाला "मनावर घेऊ नकोस" एवढेच सांगणारा समुपदेशक काय कामाचा? ते दुःख ज्याने आपल्या घरात पाहिले आहे, तो त्या खुर्चीत बसायला हवा. पण ती खुर्ची तीन वर्षांच्या अंतरावर नाही, सहा-सात वर्षांच्या अंतरावर आहे. तिथवर जाण्याआधीच आपली मुले पैशाअभावी वाट सोडतात आणि हातात अर्धवट पदवी राहते.

या माणसांची गरज समाजाला असेल, तर त्यांचा खर्च एकट्या शेतमजूर आईने का सोसावा? आमची सूचना साधी आहे. विहार समित्यांनी आणि कर्मचारी संघटनांनी दहा मुलांना सन्मानचिन्हे वाटण्याऐवजी एका मुलीची खानावळ शेवटच्या वर्षापर्यंत उचलावी. नोकरीतल्या पन्नास जणांनी महिन्याला १२० रुपये दिले, तरी ६,००० रुपये होतात.

त्या आईला आम्ही पुन्हा भेटलो. सांगितले, "ताई, नुसत्या बी.ए.त पैसा नाही. पुढचं शिकणार असेल, तरच घेऊ द्या." तिने विचारले, "पुढचं कोण शिकवणार?" हा प्रश्न आता आम्ही वाचकांना विचारतो आहोत.