कमरेचा मणका उभ्यानेही तपासायला हवा

साठी उलटली की कंबर धरणारच, असा समज खान्देशात घरोघरी आढळतो. जळगाव, धुळे जिल्ह्यांत आयुष्यभर कपाशीची वेचणी आणि निंदणी केलेल्या स्त्रिया असोत, की रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड वाहिलेले मजूर, त्यांच्या दुखण्याकडे 'वयाचे दुखणे' म्हणूनच पाहिले जाते. बहुतेकांची कंबरदुखी व्यायाम व साध्या औषधांनी आटोक्यात राहतेही. परंतु काहींच्या दुखण्याचे मूळ मणक्यांच्या अस्थिरतेत असते. ते नेमके ओळखले गेले नाही, तर चालणे-फिरणे थांबते किंवा अनावश्यक शस्त्रक्रिया पदरी पडते.

अस्थिरता म्हणजे काय?

कमरेच्या भागात पाच मणके असतात. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूस गादी आणि मागे दोन लहान सांधे असतात. वयोमानानुसार गादीतील पाण्याचा अंश घटून ती चपटी होते, सांधे झिजतात, अस्थिबंध सैल पडतात. मग वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकू लागतो. उतारवयात हे बहुधा चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या दरम्यान घडते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते.

तथापि, सरकलेला प्रत्येक मणका अस्थिर नसतो. कर्कल्डी-विलिस व फारफान यांनी १९८२ मध्ये या झिजेचे तीन टप्पे मांडले: आधी बिघाड, मग अस्थिरता आणि शेवटी पुन्हा स्थिरता. शेवटच्या टप्प्यात हाडाची वाढ होऊन मणके आपोआप जखडले जातात. म्हणूनच मणका किती सरकला आहे, याइतकेच तो हालचालीबरोबर आणखी सरकतो का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

लक्षणे कोणती?

उठता-बसताना कंबरेत कळ येणे, वाकून सरळ होताना कंबर अडकल्यासारखी वाटणे, ही काही लक्षणे होत. नसांवर दाब आल्यास थोडे चालताच पाय जड पडतात, मुंग्या येतात. बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. अशा व्यक्तीला चालणे जमत नाही, पण सायकल चालविता येते. याउलट, पायाचा रक्तपुरवठा कमी झाल्याने येणारे दुखणे नुसते उभे राहिल्यानेही थांबते. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

एक्स-रे की एमआरआय?

महागडी तपासणी म्हणजे अचूक तपासणी, ही समजूत येथे फसवी ठरते. एमआरआय रुग्णाला झोपवून काढला जातो. त्या स्थितीत कमरेवरचा शरीराचा भार हलका होतो आणि उभ्याने सरकणारा मणका जागेवर आलेला दिसू शकतो. साधा एक्स-रे मात्र उभ्याने, तसेच पुढे व मागे वाकवून काढता येतो. या दोन स्थितींमध्ये मणका सुमारे ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा अधिक सरकला किंवा त्याचा कोन १० अंशांहून अधिक बदलला, तर अस्थिरतेचा संशय बळावतो. यासाठी सर्वमान्य असे एकच मोजमाप नाही. वेदनेमुळे रुग्ण पुरेसा वाकू शकला नाही, तर एक्स-रे खोटा दिलासाही देऊ शकतो.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे, असा नव्हे. नसांवरील दाब, गादीची अवस्था, जंतुसंसर्ग वा गाठ यांसाठी तो अत्यंत उपयुक्त आहे. मागच्या सांध्यांत साचलेले पाणी त्यात दिसल्यास, ती अस्थिरतेची खूण असू शकते आणि तेव्हा उभ्याने एक्स-रे काढणे इष्ट ठरते. हाडांची बारीक रचना किंवा तडा पाहण्यासाठी सीटी स्कॅन, तर हाडांचा ठिसूळपणा मोजण्यासाठी डेक्सा ही तपासणी केली जाते.

अहवाल वाचून घाबरू नये

कोणताही त्रास नसलेल्या ८० वर्षे वयाच्या सुमारे ९६ टक्के व्यक्तींच्या गादीत झीज दिसते, असे २०१५ मधील एका आढाव्यात आढळले होते. म्हणजेच अहवालातील 'झीज' हा शब्द म्हणजे आजार नव्हे. चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसला, तरच त्यास अर्थ आहे.

शस्त्रक्रियेचा प्रश्न आला, तर हा मेळ अधिकच मोलाचा ठरतो. नसांवरील दाब काढणे पुरेसे आहे, की स्क्रू बसवून मणके जोडावेत, याबाबत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांचे निष्कर्ष परस्परांहून भिन्न होते. नॉर्वेतील २०२१ च्या अभ्यासात, एकाच पातळीवर मणका सरकलेल्या रुग्णांमध्ये नुसता दाब काढण्याचा परिणाम, दोन वर्षांनंतर, मणके जोडण्याच्या तुलनेत उणा ठरला नाही. त्यामुळे 'मणका सरकला, म्हणून स्क्रू' हे समीकरण सरसकट लागू करता येत नाही.

काय करावे?

धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभागाचा सल्ला घेता येतो. तपासणीस जाताना जुने एक्स-रे व फिल्म सोबत न्याव्यात. तुलनेतून बरेच काही उलगडते. एमआरआय झालेला असल्यास, 'उभ्याने एक्स-रे आवश्यक आहे काय', हे डॉक्टरांना विचारावे. मात्र, लघवी अडणे वा नकळत होणे, गुदद्वाराभोवती बधिरता, पायातील ताकद झपाट्याने जाणे, ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. कंबरदुखीसोबत संध्याकाळी ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर क्षयरोगासह अन्य कारणांची तपासणी लांबणीवर टाकू नये.